काचपेटी आणि वाचनकक्ष : विद्यापीठीय ग्रंथालयांतील प्रदर्शनांचा एक विचार

विद्यापीठाचे ग्रंथालय वाचकांसाठी असते, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा उच्चार करण्याची सहसा गरज पडत नाही. तथापि जगातील अनेक जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आज वाचकांबरोबर प्रेक्षकही येतात, आणि काही ठिकाणी तर प्रेक्षकांची संख्या वाचकांहून कितीतरी अधिक असते. दुर्मिळ हस्तलिखिते काचपेट्यांतून मांडलेली असतात. एखादा शास्त्रज्ञ, एखादे शतक किंवा एखादी कल्पना हे सूत्र धरून ग्रंथांची व कागदपत्रांची तात्पुरती मांडणी केली जाते. अशा प्रदर्शनांची वर्णने वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात, उद्घाटनाची भाषणे होतात. परंतु त्यांची चिकित्सा क्वचितच होते. ग्रंथाचे परीक्षण होते, नाट्यप्रयोगाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. ग्रंथालयातील प्रदर्शन मात्र एक समारंभ समजून सोडून दिले जाते.

हा समज बरोबर नाही. प्रदर्शन भरविणारा निवड करतो, क्रम लावतो, दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांच्यात काही संबंध आहे असे सुचवितो, आणि माहितीपट्टीवर चार ओळी लिहून त्या संबंधाचा अर्थ सांगतो. निबंधलेखकही याहून फारसे वेगळे काही करीत नाही. तेव्हा प्रदर्शन हेही एक प्रतिपादन असते आणि प्रतिपादन म्हणूनच ते तपासले पाहिजे. त्याचे म्हणणे काय, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, आणि ते पडताळून पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती प्रदर्शन कोणते साधन देते, हे तीन प्रश्न त्याला विचारता येतात. प्रस्तुत विवेचनात हे प्रश्न दोन प्रसिद्ध उदाहरणांना लावून पाहिले आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ‘बुक ऑफ केल्स’चे स्थायी प्रदर्शन हे एक, आणि केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात २०२२ साली भरलेले डार्विनच्या पत्रव्यवहाराचे प्रदर्शन हे दुसरे. पहिल्यात एकच ग्रंथ केंद्रस्थानी आहे, दुसऱ्यात एक सूत्र. यांच्या तुलनेतून जे निष्पन्न होते ते मराठी हस्तलिखितांना कितपत लागू पडते, याचा विचार शेवटी केला आहे.

१

बुक ऑफ केल्स ही चार शुभवर्तमानांची लॅटिन प्रत. ती इ. स. ८०० च्या सुमारास कोलुम्बा या संताच्या परंपरेतील मठवासीयांनी तयार केली. तिचे लेखन स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या आयोना बेटावर झाले की आयर्लंडमधील केल्स येथे, की काही येथे व काही तेथे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आज तिची ३४० पत्रे शिल्लक आहेत. ती वासराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्राची आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास, युद्धाच्या धामधुमीत सुरक्षिततेसाठी हा ग्रंथ डब्लिनला आणला गेला आणि नंतर काही वर्षांतच तो ट्रिनिटी कॉलेजच्या संग्रहात दाखल झाला. तेथील हस्तलिखितांत त्याचा क्रमांक ५८ आहे.

या ग्रंथाचे ‘रत्न’ कसे झाले याचा इतिहास त्याच्या बांधणीतही वाचता येतो. एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधणी करताना बांधणाराने पानांच्या कडा कापल्या आणि त्यांबरोबर काही नक्षीही गेली. १८४९ साली व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांना या ग्रंथात स्वाक्षरी करण्याचे आमंत्रण देण्यात आले. त्यांच्या स्वाक्षऱ्या मूळ पत्रावर न पडता पुढील काळात जोडलेल्या एका कोऱ्या पानावर पडल्या हे सुदैवच म्हणावयाचे. ज्या संस्थेने ग्रंथ दोनशे वर्षे सांभाळला तिलाच त्या क्षणी तो पाहुण्यांच्या अभिप्रायवहीसारखा वाटावा, यात प्रदर्शनवृत्तीचा मोठा धोका दिसून येतो. १९५३ साली रॉजर पॉवेल यांनी ग्रंथाची चार खंडांत नवी बांधणी केली. त्यामुळे एका वेळी दोन खंड उघडून ठेवणे शक्य झाले. एका खंडात सजविलेले पृष्ठ दाखवावयाचे, दुसऱ्यात मजकुराची दोन पृष्ठे, असा प्रघात त्यानंतर पडला. काही काळाने पाने बदलली जातात.

प्रेक्षक या पेटीपाशी एकदम येत नाही. दीर्घकाळ चाललेल्या मांडणीत तो प्रथम एका दालनातून जात असे. तेथे भिंतींवर ग्रंथातील पृष्ठांच्या प्रचंड मोठ्या केलेल्या प्रतिमा, चर्मपत्र कसे तयार होते, रंग कोणते होते, लेखनिक किती असावेत याची माहिती असे. त्यानंतर अंधुक प्रकाशाच्या खोलीत मूळ ग्रंथ. मूळ पृष्ठ जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे. भिंतीवर मनुष्यापेक्षा उंच झालेले अक्षर पाहून आलेल्या डोळ्याला ते लहान वाटते. पत्र ३४ च्या पुढील बाजूवर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरे सबंध पृष्ठ व्यापून आहेत. मजकूर म्हणावा तर दोनतीन शब्दांचा. त्या अक्षरांच्या वेटोळ्यांत मांजरे आहेत, उंदीर आहेत, मासा धरलेले पाणमांजर आहे, पतंग आहेत. हे सर्व काही मिलिमीटरांच्या क्षेत्रात रेखाटलेले आहे. गर्दीत उभ्या असलेल्या मनुष्याला काचेच्या पलीकडून ते दिसणे जवळजवळ अशक्य होय. म्हणजे जे पाहण्यासाठी तो आलेला असतो ते त्याने आधीच्या दालनात, प्रतिमेतच पाहिलेले असते. मूळ ग्रंथापाशी तो पाहण्यासाठी नव्हे, तर सान्निध्यासाठी थांबतो.

मराठीत या क्रियेला नेमका शब्द आहे : दर्शन. देवळात गाभाऱ्यातील मूर्तीचे बारकावे कोणी तपासत नाही. गेलो, उभे राहिलो, दर्शन झाले, एवढ्याने कार्य पूर्ण होते. डब्लिनचे प्रदर्शन हे ग्रंथाचे दर्शन घडविते. त्याचे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे तर, ‘हा ग्रंथ अमोल आहे’ असे सांगता येईल. हे प्रतिपादन खरे आहे. परंतु ते खोडून काढण्याची सोय त्यात नाही, कारण अमोलपणाला पुरावा लागत नाही.

२

आता या ग्रंथाच्या वाचनातून काय हाती येते ते पाहावे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की आपण शांतता नव्हे तर तलवार आणण्यासाठी आलो आहोत. बुक ऑफ केल्सच्या लेखनिकाने ‘तलवार’ या अर्थाच्या ‘ग्लाडियुम’ या लॅटिन शब्दाच्या जागी ‘गाउदियुम’, म्हणजे ‘आनंद’, असा शब्द लिहिला आहे. एका ठिकाणी एका सबंध पृष्ठाचा मजकूर चुकून दोनदा लिहिला गेला आहे. चूक लक्षात आल्यावर ते पान काढून टाकण्यात आले नाही. तांबड्या खुणा करून मजकूर रद्द झाल्याचे दर्शविले आणि सजविलेले पान तसेच ठेवले. त्याहून विलक्षण गोष्ट ग्रंथाच्या आरंभीच्या कोष्टकांची आहे. चारही शुभवर्तमानांतील समांतर प्रसंग शोधण्यासाठी युसेबियसने केलेली ही कोष्टके तेथे खांब, कमानी व प्राणी यांनी भव्य सजविली आहेत. परंतु त्यांचा उपयोग व्हावयाचा तर पुढील मजकुराच्या समासात प्रसंगांचे क्रमांक असावे लागतात, आणि ते क्रमांक ग्रंथात घातलेलेच नाहीत. शोध घेण्याचे हे साधन शोधासाठी वापरता येत नाही.

या सर्व गोष्टींवरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला आहे की हा ग्रंथ नित्याच्या वाचनासाठी तयार केलेला नसावा. उत्सवप्रसंगी वेदीवर ठेवण्यासाठी, दुरून दिसण्यासाठी तो केला गेला असावा. अल्स्टरच्या इतिवृत्तांत इ. स. १००७ च्या सुमाराची एक नोंद आहे. केल्सच्या दगडी चर्चमधून कोलुम्बाचे थोर शुभवर्तमान रात्री चोरीस गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळाने, वरचे सोने काढून घेतलेल्या स्थितीत, मातीखाली सापडले, असे ती सांगते. बहुतेक अभ्यासक तो हाच ग्रंथ मानतात. चोरी झाली ती चर्चच्या पूजासाहित्याच्या खोलीतून, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथ पुस्तकांबरोबर नव्हे, तर पूजापात्रांबरोबर ठेवला जात होता.

येथे काचपेटीविरुद्धचा नेहमीचा आक्षेप अडखळतो. ग्रंथ वाचण्यासाठी असतो आणि पेटीत ठेवून त्याचा वाचनधर्म हिरावला जातो, असे म्हटले जाते. परंतु बुक ऑफ केल्सचा धर्म प्रारंभापासूनच दर्शनाचा होता. अंधुक खोलीत, दोन पृष्ठे उघडून, रांगेने येणाऱ्यांना दुरून दाखविणे हे त्याच्या मूळ उपयोगाशी, त्यातील उपासना वगळली तर, बरेचसे जुळते. त्या अर्थी डब्लिनच्या पेटीने ग्रंथावर अन्याय केलेला नाही.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. हा निष्कर्ष निघाला तो ग्रंथ वाचणाऱ्यांमुळे. कोणीतरी ‘आनंद’ हा शब्द वाचून थबकले, कोणीतरी कोष्टकातील क्रमांक समासात शोधून पाहिले आणि ते तेथे नाहीत हे नोंदविले. केवळ दर्शन घेणाऱ्याला हा ग्रंथ दर्शनासाठी होता हेदेखील कळत नाही. ते कळण्यासाठी वाचन लागते. प्रेक्षकाला या ग्रंथाच्या अमोलपणाबरोबर त्याचा हा अपुरेपणा दाखविला, कोष्टकाचे पृष्ठ आणि क्रमांकविरहित समासाचे पृष्ठ शेजारीशेजारी उघडून ठेवले, तर चार खंडांच्या बांधणीचा खरा उपयोग होईल. दोन पृष्ठांतून एक प्रश्न उभा राहील आणि त्याचे उत्तर प्रेक्षक स्वतः शोधू शकेल. १९५३ च्या बांधणीने ही शक्यता निर्माण केली. सजविलेले एक पृष्ठ व मजकुराचे एक, हा प्रघात तिचा पूर्ण लाभ घेत नाही.

शिवाय प्रदर्शनाची किंमत वस्तूला मोजावी लागते. २००० साली या ग्रंथाचा एक खंड ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे प्रदर्शनासाठी पाठविण्यात आला, तेव्हा प्रवासात काही रंगाची किंचित हानी झाली. विमानाच्या कंपनांमुळे ती झाली असावी असे मानले गेले. आज सबंध ग्रंथाच्या उत्तम प्रतिमा संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. चित्र घरबसल्या मिळत असता काचपेटीने पुन्हा चित्रच द्यावे, यात मोजलेल्या किमतीचे समर्थन होत नाही. पेटीने द्यावयाचे ते आकारमान, पोत आणि विचार करण्यास लावणारी मांडणी.

३

बुक ऑफ केल्स पाहिलेला प्रेक्षक पुढे जुन्या ग्रंथालयाच्या ‘लाँग रूम’ या दालनात जातो. १७१२ ते १७३२ या काळात बांधलेले हे दालन सुमारे ६५ मीटर लांब आहे. त्याचे उंच, लाकडी, कमानदार छत हे त्याच्या सौंदर्याचे मुख्य कारण मानले जाते. मात्र ते मूळचे नाही. १८०१ पासून ब्रिटन व आयर्लंडमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांची प्रत मिळण्याचा हक्क या ग्रंथालयाला प्राप्त झाला, फडताळे भरून वाहू लागली, आणि १८६० च्या सुमारास छत उंचावून वर आणखी फडताळांची सोय करण्यात आली. ज्याची छायाचित्रे जगभर जातात ते सौंदर्य पुस्तके ठेवण्यास जागा न पुरल्यामुळे निर्माण झाले. हे एवढे प्रेक्षकाच्या ध्यानात आले तरी त्या छताकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल.

दालनाच्या दोन्ही बाजूंस तत्त्वज्ञ, लेखक व कॉलेजशी संबंधित व्यक्ती यांचे संगमरवरी अर्धपुतळे आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून जमत गेलेले हे सर्व पुतळे पुरुषांचे होते. ज्ञान कोणाचे, या प्रश्नाचे ते न बोलता दिलेले उत्तर होते. २०२३ साली रोझालिंड फ्रँकलिन, ऑगस्टा ग्रेगरी, एडा लव्हलेस व मेरी वुल्स्टनक्राफ्ट या चार स्त्रियांचे पुतळे तेथे बसविण्यात आले. मांडणी हे प्रतिपादन असते, हे मान्य केल्याखेरीज अशी दुरुस्ती करण्याचे कोणाला सुचणार नाही.

याहून मोठा बदल २०२२ पासून घडला. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला २०१९ मध्ये लागलेल्या आगीनंतर जुन्या इमारतींच्या सुरक्षिततेचा प्रश्न तीव्र झाला होता. लाँग रूमच्या जीर्णोद्धारासाठी तेथील सुमारे दोन लाख ग्रंथ उतरविण्यात आले. प्रत्येक ग्रंथाची धूळ काढणे, मोजमाप घेणे, त्याला ओळखखूण लावणे हे काम त्याबरोबर झाले. फडताळे रिकामी झाली. परंतु प्रेक्षकांचे येणे थांबले नाही. रिकाम्या दालनात ल्यूक जेरम या कलावंताने केलेला प्रकाशमान पृथ्वीगोल टांगण्यात आला, आणि कॉलेजच्या आवारात २०२४ साली एक स्वतंत्र मंडप उभारून त्यात बुक ऑफ केल्सविषयीची दृक्श्राव्य मांडणी सुरू करण्यात आली.

ग्रंथ नसलेले ग्रंथालय पाहण्यास लोक येतात, ही गोष्ट उपहासाने सांगता येईल. पण तिच्यातून निघणारा अर्थ गंभीर आहे. प्रेक्षक ज्यासाठी येत होते ते ग्रंथ नव्हते, ग्रंथांनी भरलेले दृश्य होते; आणि एकदा दृश्य हाच हेतू ठरल्यावर ग्रंथांच्या जागी गोल टांगला तरी फारसे बिघडत नाही. याउलट, ग्रंथ उतरविण्याचे काम चालू असतानाचे दालन हे त्याच्या इतिहासातील अधिक प्रामाणिक प्रदर्शन होते असे म्हणता येईल. तीन शतकांची धूळ, फडताळाच्या उंचीप्रमाणे लावलेले ग्रंथ, एकेक ग्रंथ हातात घेऊन तपासणारे कर्मचारी, हे सर्व तेथे प्रत्यक्ष घडत होते. ग्रंथालय म्हणजे काय, हे पृथ्वीगोलापेक्षा त्या कामातून अधिक कळते.

इमारतच प्रदर्शन होणे हा अनुभव मुंबईलाही परका नाही. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेली ही वास्तू २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या वास्तुसमूहात आहे. मनोरा ओळखणारे असंख्य आहेत. त्याच्या पायथ्याशी वाचनकक्ष आहे हे माहीत असणारे त्या मानाने थोडे. या वास्तूचे आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे नातू सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाची १९३४ साली खुली झालेली इमारत रचली. पुढील उदाहरण त्या ग्रंथालयातील आहे.

४

केंब्रिजमध्ये २०२२ च्या जुलैपासून काही महिने चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहारावर आधारलेले प्रदर्शन भरले होते. त्याचे नाव ‘डार्विन इन कॉन्व्हर्सेशन’, म्हणजे संवादातील डार्विन, असे होते. या प्रदर्शनामागे जवळजवळ अर्धशतकाचे संपादनकार्य उभे होते. डार्विनची उपलब्ध सर्व पत्रे, त्याने लिहिलेली व त्याला आलेली, एकत्र करून प्रसिद्ध करण्याचा प्रकल्प १९७४ साली सुरू झाला. पहिला खंड १९८५ मध्ये आणि तिसावा व अखेरचा खंड २०२३ मध्ये निघाला. पत्रांची संख्या पंधरा हजारांच्या वर आहे.

या संपादनातून जो डार्विन समोर आला तो एकांतात बसून सिद्धान्त रचणारा डार्विन नव्हता. कबुतरे पाळणारे, माळी, वसाहतींतील अधिकारी, मिशनरी, घरी बसून निरीक्षणे करणाऱ्या स्त्रिया, अशा असंख्य व्यक्तींना तो प्रश्न विचारीत होता आणि त्यांची उत्तरे पारखून घेत होता. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात गेलेला जॉन स्कॉट हा माळी त्यांपैकीच एक. ‘संवाद’ हे प्रदर्शनाचे सूत्र सजावटीसाठी निवडलेले नव्हते. ते संशोधनातून निघालेले विधान होते. त्याचे प्रतिपादन असे मांडता येईल : ‘विज्ञान अनेकांच्या देवाणघेवाणीतून घडते.’ हे विधान खोडून काढता येण्यासारखे आहे. एखादा अभ्यासक म्हणेल की पत्रे लिहिणारे अनेक असले तरी सिद्धान्त एकाचाच होता. त्याला तसे म्हणता यावे म्हणून तीस खंड छापलेले आहेत आणि पत्रे संगणकावरही खुली आहेत. प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्याला पुढे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. डब्लिन आणि केंब्रिज यांतील मुख्य भेद हा होय.

परंतु या प्रदर्शनालाही वस्तुमोहाने गाठलेच. डार्विनच्या दोन टिपणवह्या २००० साली छायाचित्रणासाठी कोठारातून बाहेर काढल्या होत्या, आणि २००१ च्या आरंभी त्या जागेवर नाहीत असे आढळले. त्या चुकून अन्यत्र ठेवल्या गेल्या असाव्यात असे वीस वर्षे समजले जात होते. व्यापक शोधानंतर २०२० मध्ये त्या चोरीस गेल्या असाव्यात असे जाहीर करण्यात आले. २०२२ च्या मार्चमध्ये त्या ग्रंथालयातच, भेटवस्तूच्या गुलाबी पिशवीत, ग्रंथपालाला ईस्टरच्या शुभेच्छा देणाऱ्या चिठ्ठीसह, कोणीतरी निनावीपणे परत ठेवल्या. त्यांपैकी एकीत १८३७ साली काढलेले जीवसृष्टीच्या वृक्षाचे रेखाटन आहे. या वह्या त्याच प्रदर्शनात ठेवण्यात आल्या आणि साहजिकच बाहेरची चर्चा पत्रांपेक्षा वह्यांच्या परतीविषयी अधिक झाली.

यात ग्रंथालयाला दोष देण्यासारखे काही नाही. हरवलेली वस्तू परत मिळाली तर ती लोकांना दाखविणे हे योग्यच. तथापि संवादाचे सूत्र घेतलेल्या प्रदर्शनात या वह्या काय करतात, असा प्रश्न राहतोच. त्याचे एक उत्तर त्या रेखाटनातच आहे. त्याच्या माथ्यावर डार्विनने जे दोन शब्द लिहिले आहेत ते ठाम विधान करीत नाहीत, अंदाज सुचवितात. पुढे बावीस वर्षांनी, १८५९ मध्ये, ग्रंथरूपाने जे मांडले गेले ते त्या क्षणी प्रश्नार्थक होते. तो अंदाज आणि तो ग्रंथ यांच्या मधली बावीस वर्षे पत्रांनी भरलेली आहेत. असा संबंध दाखविला तर वही पत्रांच्या बाजूने बोलू लागते. दाखविला नाही तर ती चोरीची कथा सांगत राहते.

५

या दोन उदाहरणांवरून प्रदर्शनांच्या समीक्षेसाठी काही गोष्टी निश्चित करता येतात.

पहिली गोष्ट पृष्ठाच्या निवडीची. बांधलेला ग्रंथ एका वेळी दोनच पृष्ठे दाखवितो. शेकडो पृष्ठे झाकून दोन उघडणे हा अर्थनिर्णयाचा भाग आहे. सर्वांत सुंदर पृष्ठ उघडण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असते, पण सुंदर पृष्ठ पुष्कळदा ग्रंथाचे सर्वांत कमी प्रातिनिधिक पृष्ठ असते. हेच पृष्ठ का उघडले, हे माहितीपट्टीने एका वाक्यात सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट माहितीपट्टीच्या कर्तृत्वाची. संशोधनपत्रिकेत लेखक स्वतःच्या नावाने लिहितो, आधार देतो, आणि चुकला तर पुढील अंकात त्याचे खंडन होते. माहितीपट्टीवर ना लेखकाचे नाव असते ना आधार. संस्थेच्या नावाने उच्चारलेले ते वाक्य अंतिम सत्यासारखे भासते. ज्या विद्यापीठात विद्यार्थ्याच्या प्रबंधातील प्रत्येक विधानाला आधार मागितला जातो, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयातील भिंतीवर निराधार विधाने असावीत हे विसंगत होय. वादग्रस्त मुद्दा असेल तेथे तो वादग्रस्त असल्याचे स्पष्ट लिहावे. बुक ऑफ केल्सच्या जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत, हे सांगितल्याने त्याची प्रतिष्ठा उणावत नाही.

तिसरी गोष्ट सूचीची. तात्पुरते प्रदर्शन उठले की त्यातील शेजारसंबंध नाहीसे होतात. वस्तू आपापल्या कोठारात परततात. मांडणीतून जे प्रतिपादन झाले ते टिकावयाचे असेल तर छापील सूची हवी, आणि तिच्यात प्रत्येक वस्तूचा ग्रंथालयीन क्रमांक हवा. त्या क्रमांकाचा आधार घेऊनच प्रेक्षक दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात येऊन ती वस्तू मागू शकतो.

यावर एक आक्षेप संभवतो. विद्यापीठ समाजाच्या पैशावर चालते, सामान्य नागरिकाला तेथील रत्ने पाहण्याचा हक्क आहे, आणि त्याच्यावर अभ्यासाचे ओझे लादणे हा विद्वानांचा अहंकार आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपातील पहिला भाग पूर्ण मान्य करावा लागतो. दुसरा मात्र नागरिकाला कमी लेखणारा आहे. कोष्टकातील क्रमांक समासात नाहीत, हे समजण्यास लॅटिन यावे लागत नाही. ते बोटाने दाखविता येते. सामान्य प्रेक्षकाला केवळ दर्शनच झेपते असे गृहीत धरणे हाच खरा अहंकार होय.

६

मराठी हस्तलिखितांच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा ठरतो. पोथी ही बांधलेली नसते. सुटी पत्रे दोन फळ्यांमध्ये ठेवून ती बासनात गुंडाळलेली असतात. त्यामुळे बांधलेल्या ग्रंथाला असलेली दोन पृष्ठांची मर्यादा पोथीला नाही. मनात आणल्यास पन्नास पत्रे एका ओळीत मांडता येतील. परंतु मराठी पोथ्यांपैकी बहुतेक अगदी साध्या असतात. काळ्या शाईतील मजकूर, क्वचित तांबड्या शाईतील दंड व ओवीक्रमांक, समासात हरताळ लावून केलेली दुरुस्ती, शेवटी लेखनाचा शक व लेखकाचे नाव सांगणारी पुष्पिका, एवढेच त्यांत पाहण्यासारखे असते. डब्लिनच्या धर्तीवर ‘रत्नाचे’ प्रदर्शन करावयाचे म्हटले तर या पोथ्या प्रेक्षकाला निराश करतील, आणि मग चित्रित पोथ्यांच्या शोधात मराठी वाङ्मयाचा गाभाच बाजूला राहील.

मराठी पोथीचे वैभव पाठात आहे. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधील. तिच्या प्रतींत अपपाठ शिरल्यामुळे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. इ. स. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी वेगळ्या परंपरेची जुनी प्रत म्हणून एक संहिता प्रसिद्ध केली आणि मूळ पाठाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. एकाच ओवीची चारपाच प्रतींतील पत्रे शेजारीशेजारी मांडून, भिन्न पाठांवर खूण करून, त्या भेदाने अर्थ कसा बदलतो हे दाखविले, तर ते प्रदर्शन कोणत्याही नक्षीदार पृष्ठापेक्षा अधिक वेळ प्रेक्षकाला थांबवील. वारकरी कुटुंबात वाढलेल्या प्रेक्षकाला ती ओवी पाठ असते. स्वतःला पाठ असलेला शब्द समोरच्या पत्रावर वेगळा आहे, हे पाहून होणारा विस्मय हा संशोधनाचा आरंभ होय.

महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्यांतील पोथ्या हे दुसरे उदाहरण. सकळ लिपीतील पत्र पाहणाऱ्याला अक्षरे देवनागरी दिसतात, पण शब्द लागत नाहीत, कारण अक्षरांची संकेताने अदलाबदल केलेली असते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पंथाचे प्राचीन गद्य बाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. असे पत्र पेटीत नुसते ठेवले तर त्याचे गूढ होते. त्याच्याशेजारी संकेताचे कोष्टक ठेवले आणि एकच ओळ उलगडून पाहण्यास सांगितले, तर प्रेक्षक पाच मिनिटांत त्या ओळीचा वाचक होतो. काचपेटी तीच, पत्र तेच. बदलले ते प्रेक्षकाचे पोथीशी असलेले नाते.

मराठी परंपरेत ग्रंथाचे पूजन आहे, ग्रंथदिंडी आहे, पालखीत पोथी ठेवण्याची रीत आहे. दर्शनाचे मोल या समाजाला परक्याने शिकविण्याची गरज नाही. पण त्याच परंपरेत पारायणही आहे, आणि पोथी पूजेनंतर बासनातून सोडून वाचली जाते. ज्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पोथ्या आहेत तेथे प्रदर्शन योजताना हा क्रम लक्षात ठेवता येईल. काचपेटीच्या कडेला ग्रंथालयीन क्रमांक लिहिलेला असावा, वाचनकक्षाचे दार त्याच मजल्यावर असावे, आणि प्रदर्शनाच्या काळात पोथी मागणाऱ्याला ‘ती प्रदर्शनात आहे’ असे उत्तर मिळणार असेल तर निदान तिची प्रतिकृती त्याच्यासमोर ठेवली जावी. प्रदर्शन उठल्यानंतरच्या महिन्यात मागणीच्या वहीत त्यातील क्रमांक किती वेळा आले, यावरून त्या प्रदर्शनाचे परीक्षण, वृत्तपत्रांतील कोणत्याही वर्णनापेक्षा, अधिक नेमके होईल.